शेजारी कोण नको? बैठक व्यवस्थेची गणितं सोडवताना

सात जणांना एका रांगेतल्या सात खुर्च्यांवर बसवायचं आहे. त्यांतल्या अ, ब आणि क यांना एकत्र बसवायचं नाही. किती प्रकारे बसवता येईल?

एक विद्यार्थी ४३२० असं उत्तर काढतो, दुसरा १४४०. दोघांच्या वह्या तपासल्या तर आकडेमोडीत कुठेच चूक सापडत नाही. पहिल्याने ‘तिघं एकमेकांना लागून, सलग नकोत’ असं वाचलं. अ आणि ब शेजारी आले तरी त्याला चालतं, फक्त क त्या दोघांना चिकटता कामा नये. दुसऱ्याने ‘तिघांपैकी कोणतेही दोघं शेजारी नकोत’ असं वाचलं. दोष खरं तर प्रश्न लिहिणाऱ्याचा, पण गुण जातात सोडवणाऱ्याचे.

या गणितांत पाय घसरतो तो बहुतेक वेळा गुणाकाराच्या आधीच. म्हणून इथे सूत्रांची जंत्री दिलेली नाही. क्रमगुणित म्हणजे काय एवढं माहीत असलं की पुरे: ५! म्हणजे ५ × ४ × ३ × २ × १ = १२०. त्याला फॅक्टोरियलही म्हणतात. पुढे लागतील त्या किमती अशा: ३! = ६, ४! = २४, ५! = १२०, ६! = ७२०, ७! = ५०४०, ८! = ४०३२०. कोणतीच अट नसेल तर सात वेगवेगळ्या माणसांना रांगेत बसवण्याचे प्रकार ७!, म्हणजे ५०४०.

पायरी १: आधी चित्र काढा

प्रत्येक माणसासाठी कागदावर एक ठिपका काढा. ज्या दोघांनी शेजारी बसायचं नाही त्यांचे ठिपके रेघेने जोडा. बस्स, एवढंच. हे काम अर्ध्या मिनिटाचं आहे आणि नवखे लोक नेमकं हेच टाळतात.

चित्राचा आकार पाहिला की पद्धत सुचते. एकच रेघ असेल तर सरळ वजाबाकी. तीन ठिपक्यांचा त्रिकोण झाला, म्हणजे तिघांत कोणाचंच कोणाशी जमत नाही, तर फटींची पद्धत. एका ठिपक्यापासून बऱ्याच रेघा निघाल्या आणि बाकीच्यांचं आपापसांत भांडण नाही, तर त्या मधल्या माणसाला सर्वांत आधी बसवायचं. सुट्या सुट्या रेघा असतील, जशा जोडीदारांच्या प्रश्नांत असतात, तर वजा-अधिकाची पद्धत. आणि ‘तिघं सलग नकोत’ ही अट रेघांनी दाखवताच येत नाही, हेही लगेच कळतं. ती दोघांदोघांमधली अट नाही, तिघांची मिळून एक अट आहे.

चित्राशेजारी आणखी तीन गोष्टी लिहा. रांग आहे की वर्तुळ? रांगेच्या टोकांवरच्या माणसांना एकेकच शेजारी असतो, वर्तुळात सगळ्यांना दोन. गोल टेबलावर समोरासमोर बसलेले शेजारी धरत नाहीत. खुर्च्या माणसांइतक्याच आहेत की जास्त? आणि ज्यांना बसवायचं ते एकमेकांपासून वेगळे ओळखू येतात का? माणसं नेहमी वेगळी धरतात. एकाच रंगाचे चेंडू किंवा शब्दात पुन्हा आलेली अक्षरं मात्र वेगळी ओळखू येत नाहीत.

पायरी २: ‘एकत्रच हवेत’ आधी शिका

वेगळं बसवण्याची गणितं करायची तर एकत्र बसवणं आधी हातात बसलं पाहिजे, कारण वजा करताना तेच लागतं.

सात जणांत अ आणि ब शेजारीच हवेत. दोघांचा गठ्ठा बांधा आणि त्याला एक माणूस समजा. आता मांडायच्या वस्तू सहा उरल्या: ६! = ७२०. गठ्ठ्याच्या आत अब किंवा बअ असे दोन क्रम. एकूण ७२० × २ = १४४०. हा शेवटचा दोनाचा गुणाकार विसरणं ही सर्वांत जास्त वेळा होणारी चूक आहे.

तिघांचा गठ्ठा असेल तर वस्तू पाच आणि आतले क्रम ३!: १२० × ६ = ७२०. पण ‘ब आणि क या दोघांच्या मध्ये, दोघांनाही लागून अ हवा’ असं म्हटलं तर गठ्ठ्याच्या आत फक्त बअक आणि कअब हेच क्रम चालतात. उत्तर १२० × २ = २४०.

इथे एक बारकावा आहे. ‘अ हा ब आणि क यांच्या मध्ये कुठेतरी हवा’ असं असेल, लागून असण्याची सक्ती नसेल, तर गठ्ठा बांधायचाच नाही. तिघांपैकी मधला कोण, याला तीन सारख्याच शक्यता आहेत, म्हणून ५०४० चा एक तृतीयांश: १६८०. एका ‘लागून’ शब्दाने २४० चे १६८० होतात.

पायरी ३: एकच रेघ असेल तर वजाबाकी

अ आणि ब शेजारी नकोत, बाकी कुणाला काही हरकत नाही. एकूण ५०४० प्रकार, त्यांतून शेजारी असणारे १४४० काढा. उरले ३६००.

पडताळा घ्यायचा तर एक झटपट आडाखा आहे. रांगेत यदृच्छेने बसवलं तर ठरावीक दोघं शेजारी येण्याची शक्यता २ भागिले माणसांची संख्या. सात जणांसाठी २/७, आणि ५०४० चे २/७ म्हणजे १४४०. जुळलं. वर्तुळात हीच शक्यता २ भागिले एकाने कमी संख्या, कारण अ कुठेही बसला तरी उरलेल्या खुर्च्यांपैकी दोनच त्याला लागून असतात. हे दोन अपूर्णांक डोक्यात ठेवा. मोठी उत्तरं तोंडी तपासता येतात.

पायरी ४: त्रिकोण दिसला की फटी मोजा

आता सुरुवातीचा प्रश्न, दुसऱ्या अर्थाने घेतलेला: अ, ब, क यांपैकी कोणतेही दोघं शेजारी नकोत.

नवखा माणूस अ ला आधी बसवायला जातो आणि अडकतो. अ टोकाला बसला तर ब साठी पाच खुर्च्या उरतात, मध्ये बसला तर चार. पुढे क साठी किती, हे ब कुठे बसला त्यावर अवलंबून. फाटे फुटत जातात. म्हणून क्रम उलटा करा: ज्यांच्यावर काहीच अट नाही त्या ड, इ, फ, ग या चौघांना आधी बसवा. त्याचे प्रकार ४! = २४.

चौघं बसले की त्यांच्या आजूबाजूला पाच फटी तयार होतात: ड च्या आधी एक, मधल्या तीन आणि ग च्या नंतर एक.

_ ड _ इ _ फ _ ग _

एका फटीत फार तर एकच भांडखोर बसवला की दोन भांडखोरांच्या मध्ये कोणीतरी येणारच. काही फटी रिकाम्या राहिल्या तर राहू द्या, फट म्हणजे खुर्ची नव्हे. अ ला पाच फटी, मग ब ला चार, क ला तीन: ६०. उत्तर २४ × ६० = १४४०.

पद्धतीचा गाभा इतकाच: मोकळ्यांचे क्रम, गुणिले फटींत बसवण्याचे प्रकार. फटी नेहमी मोकळ्या माणसांपेक्षा एकाने जास्त. त्यामुळे भांडखोर फटींपेक्षा जास्त असतील तर उत्तर शून्य, आणि ते गणित न करताच सांगता येतं. सातांपैकी पाच जण एकमेकांचे वैरी असतील तर दोन मोकळ्यांच्या तीनच फटी होतात, बात खलास. सातांपैकी चार असतील तर चार फटी आणि चार माणसं, म्हणजे कुठलीच फट रिकामी नाही: ३! × ४! = ६ × २४ = १४४.

‘एकाआड एक’ आणि ‘कोणतेही दोघं शेजारी नकोत’ या अटी मात्र एकच समजू नका. चार मुली आणि चार मुलगे आहेत, दोन मुली शेजारी नकोत. मुलगे आधी बसवले तर ४! = २४, फटी पाच, मुली बसवण्याचे प्रकार ५ × ४ × ३ × २ = १२०, एकूण २८८०. एकाआड एक बसवायचे असतील तर सुरुवात मुलीने किंवा मुलाने, म्हणून २ × २४ × २४ = ११५२. पहिल्या अटीत दोन मुलगे शेजारी चालतात, दुसरीत नाही.

आता सुरुवातीच्या दोन्ही उत्तरांचा हिशेब एकत्र लावू. तिघांच्या बाबतीत तीनच परिस्थिती संभवतात. तिघं सलग: ७२०. कोणतेही दोघं शेजारी नाहीत: १४४०. नेमके दोघं शेजारी आणि तिसरा सुटा: हे स्वतंत्रपणे मोजू. कोणते दोघं आणि कोणत्या क्रमाने, याचे ६ प्रकार. तो गठ्ठा आणि तो सुटा माणूस चार मोकळ्यांच्या पाच फटींपैकी वेगवेगळ्या दोन फटींत: ५ × ४ = २०. मोकळ्यांचे २४. एकूण ६ × २० × २४ = २८८०. बेरीज ७२० + १४४० + २८८० = ५०४०. पहिल्या विद्यार्थ्याचं ४३२० म्हणजे १४४० आणि २८८० यांची बेरीज. असे सगळे तुकडे मोजून एकूण आकडा जमवता आला तर त्यासारखी खातरी दुसरी नाही. उत्तरसूचीत डोकावण्यापेक्षा मला हे कितीतरी भरवशाचं वाटतं.

पायरी ५: एकाचंच सगळ्यांशी वाकडं असेल तर

अ ला ब, क, ड यांपैकी कोणीच शेजारी नको, पण ब, क, ड आपापसांत खुशाल बसोत. चित्रात अ पासून तीन रेघा निघतात. इथे ‘मोकळ्यांना आधी’ हा नियम लावलात तर गुंता होईल, कारण ब, क, ड एकाच फटीत एकत्र बसू शकतात. उलट अ ला आधी बसवा, मग त्याचे शेजारी ठरवा, मग बाकीचे.

अ टोकाला: टोकं दोन, शेजारी इ, फ, ग यांपैकी एक, म्हणजे ३ प्रकार, उरलेल्या पाच जणांचे १२०. एकूण २ × ३ × १२० = ७२०. अ मधल्या पाच खुर्च्यांपैकी एकीवर: दोन्ही बाजूंचे शेजारी ३ × २ = ६ प्रकारांनी, उरलेल्या चौघांचे २४. एकूण ५ × ६ × २४ = ७२०. दोन्ही मिळून १४४०.

पुन्हा १४४०! अ-ब शेजारी हवेत तेव्हाही हेच उत्तर, तिघं वेगवेगळे हवेत तेव्हाही हेच, आणि आताही. तीन वेगळे प्रश्न, आकडा एक. निव्वळ योगायोग आहे. पण यावरून एवढं ध्यानात येईल की उत्तर जुळलं म्हणून रीत बरोबर होती असं धरून चालता येत नाही.

पायरी ६: हवे आणि नको एकाच प्रश्नात

अ-ब शेजारी हवेत आणि क-ड शेजारी नकोत. आधी ‘हवे’ उरकून घ्या: अब गठ्ठा. मोकळ्या वस्तू आता चार, म्हणजे गठ्ठा, इ, फ, ग. त्यांचे २४ क्रम, गठ्ठ्याच्या आतले २, पाच फटींत क आणि ड चे २०. उत्तर ९६०. वजाबाकीने पडताळा: अब एकत्र असलेले १४४०, त्यांतून अब आणि कड दोन्ही एकत्र असलेले ५! × २ × २ = ४८० गेले, उरले ९६०.

पण एकच माणूस दोन्ही अटींत आला की सावध व्हा. अ-ब शेजारी हवेत, ब-क शेजारी नकोत. पाहता पाहता हात ‘अब आणि बक एकत्र’ यासाठी ४८० लिहून मोकळा होतो. चुकीचं आहे. ब दोघांनाही चिकटलेला असेल तर तो मध्येच असणार, म्हणून तिघांचा गठ्ठा अबक किंवा कबअ, आतले क्रम फक्त दोन: ५! × २ = २४०. उत्तर १४४० − २४० = १२००.

पायरी ७: वर्तुळ

गोल टेबलावर सगळे एक-एक खुर्ची सरकले तर कोण कोणाच्या कुठल्या हाताला, यात काहीच बदलत नाही. त्या सगळ्या मांडण्या एकच धरतात. म्हणून एकाला कुठेतरी बसवून टाका, तो आपला खुंटा. बाकीच्यांचे क्रम मोजा: सात जणांसाठी ६! = ७२०.

अ-ब शेजारी नकोत: अ ला खुंटा करा. उरलेल्या सहा खुर्च्यांपैकी दोन त्याला लागून आहेत, म्हणून ब ला चार. बाकी पाच जणांचे १२०. उत्तर ४८०.

अ, ब, क यांपैकी कोणतेही दोघं नकोत: चार मोकळे आधी, वर्तुळात, म्हणजे ३! = ६. फटी आता चारच, कारण टोकं नाहीत. ४ × ३ × २ = २४. उत्तर १४४. रांगेच्या सवयीने पाच फटी धरणं ही इथली ठरलेली चूक. दुसरी ठरलेली चूक म्हणजे खुंटा दोनदा वापरणं: मोकळ्यांना ३! ने मोजलं, तर त्यात खुंटा आलाच. भांडखोरांमधला एक पुन्हा स्थिर करायचा नाही.

खुर्च्यांना क्रमांक असतील, किंवा एक खुर्ची खिडकीशी आणि दुसरी दाराशी असा भेद प्रश्नात केला असेल, तर सरकवलेल्या मांडण्या वेगळ्या ठरतात आणि उत्तराला सातने गुणायचं. आरशातली प्रतिमा मात्र माणसांच्या बाबतीत वेगळीच मोजतात, कारण डावा शेजारी आणि उजवा शेजारी बदलतात. मण्यांची माळ उलटी करून पाहता येते, म्हणून तिथे दोनने भागतात. बसलेल्या माणसांना ते लागू नाही.

पायरी ८: सुट्या जोड्या, आणि वजा-अधिकाचा खेळ

अ-आ, क-का, ग-गा अशा तीन जोड्या. कोणत्याही जोडीतले दोघं शेजारी नकोत, सहा खुर्च्यांची रांग. इथे फटींची पद्धत चालत नाही, कारण कोणीच पूर्ण मोकळा नाही आणि कोणाचंच सगळ्यांशी वैर नाही. अ ला क चालतो, गा चालतो, फक्त आ चालत नाही.

एकूण ६! = ७२०. एखादी जोडी एकत्र असेल असे प्रकार ५! × २ = २४०, जोड्या तीन, म्हणून ७२० वजा करायचे. उरलं शून्य! इथे बरेच जण थबकतात. पण उत्तर शून्य नाही, हे उघड आहे: अ क ग आ का गा अशी रांग अट पाळते. झालं असं की ज्या मांडणीत दोन जोड्या एकत्र आहेत ती आपण दोनदा वजा केली. ती एकदा परत द्या. दोन ठरावीक जोड्या एकत्र: ४! × २ × २ = ९६, असे जोड्यांचे तीन संच, म्हणून २८८ मिळवा. आता तिन्ही जोड्या एकत्र असलेल्या मांडण्या तीनदा वजा होऊन तीनदा परत आल्या, म्हणजे अजून आत राहिल्या. त्या काढा: ३! × ८ = ४८.

७२० − ७२० + २८८ − ४८ = २४०.

वर्तुळात याच रीतीने १२० − १४४ + ७२ − १६ = ३२. पहिल्या वजाबाकीनंतर तर आकडा ऋण होतो. घाबरू नका, पुढचं पद त्याला वर आणतं.

पटत नसेल तर दोनच जोड्या घ्या आणि हाताने मांडा. सूत्राने २४ − २४ + ८ = ८. हाताने: पहिल्या खुर्चीवर चौघांपैकी कोणीही, दुसरीवर दुसऱ्या जोडीतल्या दोघांपैकी एक, तिसरीवर पहिल्याचाच जोडीदार यावा लागतो, चौथी आपोआप ठरते. ४ × २ = ८.

रेघा एकमेकींना जोडलेल्या असतील तर याच पद्धतीत जास्त जपावं लागतं. अ-ब, ब-क, क-ड अशी साखळी, चौघं जण रांगेत. एकूण २४. एकेक जोडी एकत्र: ३! × २ = १२, तीनदा, म्हणजे ३६. दोन जोड्या एकत्र: अब आणि बक मिळून तिघांचा गठ्ठा, २! × २ = ४. बक आणि कड यांचेही ४. अब आणि कड हे दोन वेगळे गठ्ठे, २! × ४ = ८. बेरीज १६. तिन्ही एकत्र: अबकड किंवा डकबअ, २. म्हणून २४ − ३६ + १६ − २ = २. खरंच दोनच मांडण्या आहेत: बडअक आणि कअडब. पाच जणांच्या साखळीला १४ निघतात. ते सगळे लिहून काढणं हा चांगला व्यायाम आहे, चहा निवायच्या आत होतो.

कोणाला आधी बसवावं, यावर गणितज्ञही अडले होते

जोड्यांच्या प्रश्नाचं एक प्रसिद्ध रूप फ्रेंच गणितज्ञ एदुआर ल्युका यांनी १८९१ मध्ये मांडलं. हनोईच्या मनोऱ्याचं कोडं काढणारे ते हेच. गोल टेबलाभोवती काही जोडपी बसवायची, स्त्री-पुरुष एकाआड एक, आणि कोणीही आपल्या जोडीदाराशेजारी नको. मेनाज प्रश्न या नावाने तो ओळखला जातो. जाक तूशार यांनी १९३४ मध्ये त्याचं सूत्र दिलं आणि अर्व्हिंग कॅप्लान्स्की यांनी १९४३ मध्ये त्याची सिद्धता मांडली. शिरस्ता असा होता की आधी सगळ्या स्त्रियांना बसवायचं आणि मग पुरुषांसाठी जागा शोधायच्या. केनेथ बोगार्ट आणि पीटर डॉयल यांनी १९८६ मध्ये दाखवलं की प्रश्न अवघड वाटत होता तो या शिरस्त्यामुळेच. कोणालाच आधी बसवू नका, सरळ वजा-अधिक करा, आणि तो बराच सोपा होतो.

तीन जोडपी, सहा क्रमांकित खुर्च्या, हे त्यांच्या वाटेने करून पाहू. एकाआड एक बसवण्याचे एकूण २ × ६ × ६ = ७२. एक ठरावीक जोडपं शेजारी: शेजारच्या खुर्च्यांच्या जोड्या सहा, त्यांत कोण कुठे याचे दोन, बाकीच्या दोन स्त्रियांचे दोन आणि दोन पुरुषांचे दोन: ४८. दोन ठरावीक जोडपी शेजारी: एकमेकांवर न येणाऱ्या खुर्च्यांच्या दोन जोड्या निवडण्याचे ९ प्रकार, कोणतं जोडपं कुठे याचे २, स्त्री-पुरुष क्रमाचे २: ३६. तिन्ही शेजारी: २ × ६ × २ = २४. मग ७२ − ३ × ४८ + ३ × ३६ − २४ = १२. चार जोडप्यांसाठी ९६ आणि पाचांसाठी ३१२० येतात.

पायरी ९: रिकाम्या खुर्च्या असतील तेव्हा

दहा खुर्च्यांची रांग, चार माणसं, कोणतेही दोघं लागून नकोत. रिकाम्या खुर्च्यांनाच मोकळी माणसं समजा. त्या सहा आहेत आणि सगळ्या सारख्या, म्हणून त्यांचा क्रम एकच. फटी सात. चार माणसं बसवण्याचे प्रकार ७ × ६ × ५ × ४ = ८४०. फक्त कोणत्या खुर्च्या भरायच्या एवढंच विचारलं असेल तर ४! ने भागा: ३५.

दोघांमध्ये किमान दोन खुर्च्या रिकाम्या हव्यात, असंही विचारतात. बारा खुर्च्या आणि चार माणसं घ्या. शेवटचा सोडून प्रत्येकाच्या उजवीकडे दोन रिकाम्या खुर्च्या कायमच्या जोडलेल्या आहेत असं समजा. सहा खुर्च्या अशा अडकल्या, राहिल्या सहा जागा, त्यांतून चार निवडायच्या: १५ प्रकार. माणसं वेगळी म्हणून गुणिले २४, म्हणजे ३६०.

वर्तुळात दहा क्रमांकित खुर्च्या असतील तर पहिल्या माणसाला दहापैकी कुठेही बसवा. त्याच्या दोन्ही बाजूंच्या खुर्च्या बाद झाल्या. उरलेल्या सात खुर्च्यांची आता साधी रांग झाली. तिथे तीन माणसं, रिकाम्या चार, फटी पाच: ५ × ४ × ३ = ६०. उत्तर ६००.

सरावासाठी

१. आठ जणांची रांग, त्यांतल्या ठरावीक तिघांपैकी कोणतेही दोघं शेजारी नकोत.
२. आठ जण गोल टेबलावर, अ-ब शेजारी हवेत, अ-क शेजारी नकोत.
३. पाच सारखे पांढरे आणि तीन सारखे लाल चेंडू एका रांगेत, दोन लाल लागून नकोत.
४. चार जोड्या, आठ खुर्च्यांची रांग, कोणतीही जोडी शेजारी नको.

उत्तरं: पहिल्याचं १४४००. दुसऱ्याचं १४४० − २४० = १२००; सात जणांच्या रांगेत सहाव्या पायरीवर हाच आकडा आला होता, आणि तो का आला हे शोधून पाहा. तिसऱ्याचं २०. चौथ्याचं ४०३२० − ४०३२० + १७२८० − ३८४० + ३८४ = १३८२४.